दोन सीटचं विमान

भिवंडीजवळच्या कशेळीच्या हिरामणने आयुष्यात बऱ्याच वस्तू जुन्याच घेतल्या होत्या. पहिला ट्रक जुना, नंतरचा डंपर जुना, आणि हौसेने पाळलेली शर्यतीची बैलजोडीसुद्धा दुसऱ्याच्या गोठ्यात नाव कमावून आलेली. खाडीकाठची त्याची भातशेती गोदामांखाली गेली, महिन्याच्या महिन्याला भाडं येऊ लागलं, जुन्या घराच्या जागी दुमजली बंगला उभा राहिला. तरी नवीकोरी वस्तू घ्यायची म्हटली की त्याचा हात आखडायचा. म्हणून त्याची लेक दिपाली एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, आपण एक जुनं विमान घेऊ या का?" तेव्हा त्यातला 'जुनं' हा शब्द त्याला ताबडतोब पटला. विमान डोक्यात शिरायला जरा वेळ लागला.

"इमान?" तो म्हणाला. "उडनारं?"

"उडणारंच. न उडणारं घेऊन काय करू?"

कमळ, दिपालीची आई, चुलीशी होती. तिने हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरली. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे तिघं भानावर आली.

हे दोन हजार सहा सालचं. देशात नवनवीन विमान कंपन्या निघत होत्या आणि त्यांना वैमानिक पुरत नव्हते. दिपाली घाटापलीकडच्या एका गावाबाहेर, एका फ्लाइंग क्लबात शिकत होती. एकटीने विमान उडवायचा खासगी परवाना तिने मिळवला होता. पण नोकरीसाठी लागणारा मोठा परवाना हवा तर दोनशे तासांचं उड्डाण गाठीशी लागतं, आणि क्लबात शिकणारी पोरं उदंड, विमानं मोजून दोन, त्यातलं एक सदा दुरुस्तीला उघडून ठेवलेलं. दिपाली पंधरा-पंधरा दिवस तिथे खोली घेऊन राहायची आणि तासभर उडून परत यायची. वय वाढत होतं, तास वाढत नव्हते.

"स्वतःचं विमान असलं तर रोज उडता येईल," तिने समजावलं. "छोटं, जुनं, कमी पेट्रोल पिणारं. तास भरले की विकून टाकायचं. माझ्यासारखं कुणीतरी घेईलच."

म्हणजे वापरायचं आणि विकायचं. हा हिशोब हिरामणला कळला. कमळने मात्र त्या दिवशी काहीच विचारलं नाही. ती तशीही दिपालीच्या उडण्याबद्दल कधी बोलत नसे. लेक गेली की देवापुढे दिवा लावायची आणि ती परतेपर्यंत तो विझू द्यायची नाही. तिचं जे काय बोलणं असेल ते एवढंच.

दिपालीच्या मनात एक विमान आधीपासून होतं. ते क्लबच्याच धावपट्टीवर, हँगरच्या कोपऱ्यात उभं असायचं. दोन सीटचं, पंखांचा निळा रंग उन्हाने फिकटलेला, दाराची कडी जरा ओढून लावावी लागणारी. त्याचे मालक भिवंडीचेच, डॉक्टर श्रीनाथ. निजामपुऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर त्यांचा दातांचा दवाखाना होता. बाकीचे लोक बंगला बांधतात तेव्हा या माणसाने विमान घेतलं होतं, आणि दर रविवारी न चुकता डॉक्टर ते उडवायला घाट चढून जायचे. दिपालीने एकदा धीर करून त्यांना विचारलं होतं, विकणार का म्हणून. ते हसून म्हणाले होते, "अगं, ते विकायला नाही ठेवलेलं." विषय तिथेच संपला.

मग शोध सुरू झाला. घरच्या फोनवर इंटरनेट धड चालत नसे, म्हणून दिपाली रिक्षाने धामणकर नाक्यावर जायची. तिथल्या एका सायबर कॅफेत बसून जुन्या विमानांच्या जाहिराती बघायची, त्यांच्या मालकांना पत्रं पाठवायची. रात्री जेवताना बापाला सांगायची, "बाबा, विमानाचं वय वर्षांत बघायचं नाही. इंजिनाचं आयुष्य तासांत असतं. ते भरत आलं असेल तर सगळं इंजिन उघडून नवं करावं लागतं. आणि नुसतं उभं राहिलेलं विमान तर घ्यायचंच नाही. आत गंज चढतो. रोज उडणारं म्हातारं विमान परवडलं."

हिरामण मान डोलवायचा. पण त्याच्या मनातलं विमान वेगळंच होतं. त्यात तो होता, कमळ होती, मागच्या सीटवर भाऊ होता, आणि सगळे मिळून कार्ल्याच्या एकवीरा आईला चालले होते.

तो भाऊ म्हणजे लडकू. हिरामणहून धाकटा, गळ्यात बोटभर जाड साखळी, जिभेवर साखर, आणि कुठल्याही कामात 'माझा मानूस हाय' म्हणून पुढे होणारा. विमानाच्या बाबतीतही त्याचा माणूस निघाला. एका रविवारी तो मोठा रंगीत फोटो घेऊन आला आणि त्याने तो टीपॉयवर ठेवला.

पांढरंशुभ्र, लाल पट्ट्यांचं, चार सीटचं विमान. आत तपकिरी चामड्याच्या सीटा. पंख्यावर ऊन चमकत होतं.

"दादा, ह्याला म्हनतात इमान," लडकू म्हणाला. "कारखानदाराचं हाय. त्याला आता मोठं घ्यायचंय. एजंट माझा मानूस."

हिरामण फोटोकडे बघत राहिला. चार सीटा त्याने दोनदा मोजल्या.

दिपालीने विचारलं, "काका, शेवटचं कधी उडलंय?"

"आता त्याला काय तारीख लिवून ठेवलीय? रंग बघ ना रंग!"

"रंगच बघतेय," दिपाली म्हणाली. पण बापाच्या चेहऱ्यावरचा आनंद तिने पाहिला आणि पुढचं बोलणं गिळलं. "बघायला जाऊ. पण आधी मी तपासणार आणि मग उडवून बघणार. तोवर कुणी शब्द द्यायचा नाही."

लडकूने शब्द आधीच दिला होता. ते नंतर कळलं.

ठरलेल्या दिवशी क्वालिस भरून मंडळी निघाली. कमळने नवी हिरवी साडी नेसली होती. मांडीवर पितळी ताट, ताटात हळदकुंकू, नारळ, झेंडूचा हार. मागून लडकूची गाडी, तिच्यात त्याचे चार दोस्त. एकाने तर व्हिडिओ कॅमेराही आणला होता. घाट चढताना हिरामण खिडकीबाहेर बघत होता आणि मधूनच स्वतःशी हसत होता.

विमान क्लबच्या धावपट्टीशेजारी, एका बंद शेडमधून बाहेर काढून, उन्हात उभं केलं होतं, फोटोतल्यापेक्षाही देखणं. एजंट काळा चष्मा लावून हात जोडत पुढे आला. लडकूने नारळ उचलला आणि तो थेट पंख्याच्या टोकावर फोडायला निघाला, तेव्हा क्लबचा मेकॅनिक "अरे भाऊ, काय करताय!" म्हणत धावला. शेवटी चाकापुढच्या दगडावर नारळ फुटला. कमळने चाकाला हळद लावली आणि हात जोडले. ती किती वेळ डोळे मिटून उभी होती ते हिरामणने पाहिलं आणि नजर वळवली.

मग दिपालीने तपासायला घेतलं. ती विमानाभोवती सावकाश फिरली. पंखाच्या कडेवरून हात फिरवला, बिजागऱ्या हलवून पाहिल्या, खाली वाकली, आडवी झाली. लडकूचे दोस्त कॅमेरा घेऊन मागे मागे. तिने खिशातून एक पारदर्शक नळकांडं काढलं आणि पंखाखालच्या एका बारीक झडपेला लावून थोडं इंधन त्यात उतरवून घेतलं. विमानाचं पेट्रोल निळसर असतं. तिने नळकांडं उन्हात धरलं. निळ्याच्या तळाशी बिनरंगाचा एक थेंब, मण्यासारखा, वेगळा बसला होता.

"पाणी आहे," ती म्हणाली.

तिने ते ओतून दिलं आणि पुन्हा काढलं. पुन्हा थेंब. तिसऱ्यांदा काढलं. या वेळी थेंब मोठा होता आणि त्यात तांबूस कचरा फिरत होता.

एजंट हसला. "मॅडम, खडा था ना, इतना तो चलता है. दो-चार बार निकालो, साफ हो जाएगा. एक राउंड मारो, बस."

"टाकी उघडून साफ करावी लागेल," दिपाली म्हणाली. "इंजिनही बघावं लागेल. आज मी हे उडवणार नाही."

कॅमेरावाल्याने कॅमेरा खाली घेतला. लडकू हिरामणच्या कानाशी लागला, "दादा, लोकं बघतान. मी त्याला शब्द दिलाय."

हिरामण पुढे झाला. आवाज शक्य तितका मऊ ठेवत म्हणाला, "पोरी, येकच फेरी. एवढी मानसं आयलीत. तुजी आय पूजा करून बसलीय."

"नाही बाबा."

"आगो, येवढ्याशा थेंबाला काय?"

"नाही."

हिरामणचं डोकं फिरलं. सगळ्या मंडळींसमोर, मोकळ्या माळावर, तो ओरडला, "भ्यायलीस काय मग? भ्यायची होतीस तर हे येड घेतलंस कशाला?"

दिपाली मागे सरली नाही. "हो," ती म्हणाली, "भ्याले. या विमानात मला भीती वाटते. म्हणून मी बसणार नाही." आणि तिने नळकांडं पुसून खिशात ठेवलं.

परतीच्या वाटेवर लडकूची गाडी पुढे निघून गेली. हिरामण ड्रायव्हरशेजारी बसला होता, मान ताठ, कान गरम. उद्या गावात काय काय बोललं जाईल त्याचे शब्द त्याला आताच ऐकू येत होते. घाट उतरताना त्याने मागच्या आरशात पाहिलं. कमळ झोपली होती. दिपालीच्या खांद्यावर डोकं टाकून, तोंड किंचित उघडं, ताट मांडीवरून घसरलेलं. दिपाली जराही न हलता बसली होती, आईची झोप मोडू नये म्हणून.

हिरामणला नवल वाटलं. कमळ गाडीत कधी झोपत नसे. तशी ती हल्ली घरीही फारशी झोपत नसे. कूस बदलत राहायची, पहाटेच उठून अंगण झाडायची. त्याने कधी विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने विचारलं. कमळ पायऱ्यांवर बसून पाय धूत होती.

"तुना लाज न्हाय वाटली आज?"

"कसली?"

"पूजा करून इमान तसंच र्‍हायलं. पोरगी मागं फिरली."

कमळने तांब्या खाली ठेवला. "दोन वरसं झाली," ती म्हणाली, "ती गेली का माज्या पोटात गोला येतो. मना वाटायचं, ही कोनाच्या तरी बोलन्यावर चढंल आनि जाईल. तुज्या बोलन्यावर, काकाच्या बोलन्यावर, त्या क्लबातल्या सायबाच्या बोलन्यावर. आज बापूस ओरडला, काका रागावला, सगली बघत होती, तरी ती चढली न्हाय." ती थांबली, पदराने पाय पुसू लागली. "मना आज झोप आयली."

हिरामण उठून खाडीकडे चालत गेला. पुलावर कंटेनर खोळंबले होते, हॉर्न वाजत होते. त्या गोंगाटात तो बराच वेळ उभा राहिला.

लेकीशी बोलायचं कसं हे मात्र त्याला सुचेना. दोघं एकमेकांसमोरून जात, ताट वाढलं की जेवत आणि उठत. असेच काही दिवस गेले. मग एका दुपारी तो कामासाठी धामणकर नाक्यावर गेला असता दिपाली सायबर कॅफेच्या पायरीवर बसलेली दिसली. वीज गेली होती. भिवंडीत तेव्हा रोजच जायची. गल्लीगल्लीतले यंत्रमाग थांबले होते आणि एरवी खटखटीने भरून गेलेला तो भाग असा गप्प झाला होता की बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज मोठा वाटावा.

हिरामणने टपरीवरून दोन चहा घेतले आणि तिच्याशेजारी पायरीवर टेकला.

"मिललं काय?" त्याने विचारलं.

"एक बंगालकडे आहे. बरं वाटतंय. पण आणायचा खर्च फार."

"हं."

दोघांनी चहा फुंकला.

"तवा मी मोठ्यानं बोललो," हिरामण म्हणाला. "सगल्यांच्या देखत. तसं बोलायचं नव्हतं."

दिपाली ग्लासाकडे बघत राहिली. "तुम्ही चार सीटा मोजत होता ना बाबा. मला दिसत होतं. मलाही तुम्हाला सगळ्यांना बसवून न्यायचं होतं. 'नाही' म्हणताना माझं काय झालं असेल!" आणि तिला रडू फुटलं. भर नाक्यावर, रिक्षावाल्यांच्या देखत. हिरामणने आयुष्यात लेकीचे डोळे पुसले नव्हते. ते काम कमळचं. त्याने खांद्यावरचा टॉवेल काढून तिच्या हातात दिला आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नजरेआड ती राहील असा जरा वळून बसला.

वीज आली. एकामागून एक माग सुरू झाले.

त्यानंतरच्याच आठवड्यात डॉक्टर श्रीनाथ कशेळीला आले. आगाऊ फोन न करता, पत्नीला, सुमतीबाईंना घेऊन. सत्तरीला टेकलेला बारीक माणूस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलताना डोळे किंचित बारीक करण्याची सवय. हिरामणने खुर्च्या मांडल्या, कमळने सरबत आणलं.

"मी त्या दिवशी तिथेच होतो," डॉक्टर म्हणाले. "हँगरच्या सावलीत."

हिरामणने मान खाली घातली. "म्हंजे तुमीबी बघितलाव आमची शोभा."

"बघितली." डॉक्टरांनी सरबताचा ग्लास दोन्ही हातांनी धरला. "मी पुष्कळ वर्षं उडवतोय हिरामणशेठ. माझ्या दोन मित्रांना मी खांदा दिलाय. दोघंही माझ्यापेक्षा सरस उडवायचे. पण 'एवढ्याने काय होतंय' म्हणाले आणि बसले. तुमच्या मुलीवर सगळ्या बाजूंनी दबाव येत होता आणि ती नळकांडं पुसत होती. मी घरी आल्यावर हिला सांगितलं."

"जेवले नाहीत त्या दिवशी," सुमतीबाई म्हणाल्या. "मी समजले, आता विमान जाणार."

डॉक्टर दिपालीकडे वळले. "तू मागे विचारलं होतंस, तेव्हा मी विकायला ठेवलं नव्हतं हे खरंच. पण माझ्या डोळ्यांनी दगा दिलाय. तपासणीत यंदा नापास झालो. एकट्याने उडवायची परवानगी गेली. गेले दोन महिने मी तिथे जातो, ते पुसतो, इंजिन चालू करून बघतो आणि घरी येतो. आठवड्यातून एकदा क्लबचा शिक्षक फेरी मारून आणतो, म्हणून ते उभं राहून खराब झालेलं नाही. पण माझ्या हातून आता त्याचं काही व्हायचं नाही. तुला हवं असेल तर ने."

दिपालीने होकारार्थी मान हलवली, जोरात, लहान मुलीसारखी.

"तपासून घे हां," डॉक्टर म्हणाले. "माझं आहे म्हणून सोडू नकोस. इंजिनिअर आण, सगळं उघड."

"उघडणारच," दिपाली म्हणाली, आणि डॉक्टर पहिल्यांदा हसले.

किमतीचा विषय निघाला. डॉक्टरांनी आकडा सांगितला. हिरामणने सवयीने दुसरा आकडा सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. एक शंका मात्र त्याने विचारलीच.

"सीटा दोनच?"

"दोनच," डॉक्टर म्हणाले. "एक तिची. शेजारची ज्याची त्याची. माझी एक अट आहे. अधूनमधून ती शेजारची मला मिळावी. मी कशाला हात लावणार नाही. नुसता बसेन."

त्यावर हिरामणला काय वाटलं कोण जाणे, तो उठला आणि त्याने त्या बारक्या माणसाचे दोन्ही हात हातात घेतले.

इंजिनिअरने विमान उघडून पाहिलं. एक-दोन भाग बदलायला सांगितले, बाकी निर्वाळा दिला. लडकूने नाक मुरडलं, "टेम्पो घेतला का इमान?" म्हणाला. पण त्यानेच पुढे दोन फेऱ्या दिल्लीला मारून मालकी बदलायचे कागद हलवले. तिथेही त्याचा कुणीतरी माणूस निघाला होता. कागद हातात आले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती.

दिपाली आधी क्लबच्या शिक्षकाबरोबर उडली, मग एकटी, मग डॉक्टरांना शेजारी घेऊन. डॉक्टर उतरले तेव्हा पंखाला पाठ टेकून जरा वेळ उभे राहिले. कुणी त्यांच्याजवळ गेलं नाही. सुमतीबाईंनीच खूण केली होती, राहू द्या म्हणून.

घरच्यांपैकी पहिलं कोण बसणार हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांनी हिरामणकडे पाहिलं. हिरामणने चपलेकडे पाहिलं.

"मी बसते," कमळ म्हणाली.

तिने पदर कमरेला घट्ट खोचला, केसांतलं फूल काढून नवऱ्याच्या हातात दिलं आणि दिपालीने दाखवलं तिथे पाय ठेवून वर चढली. दिपालीने तिचा पट्टा बांधला, कानाला हेडफोन लावला. दार ओढून लावलं. पंखा फिरला, धूळ उडाली, आणि ते फिकट निळं विमान धावत धावत लांब गेलं, मग जमिनीपासून सुटलं.

हिरामण बघत राहिला. विमान बोटाएवढं झालं, मग माशीएवढं, मग आभाळाचा नुसता तो भाग उरला. त्याची सगळी माणसं तिथे वर होती.

"या इकडे, बसा," सुमतीबाई म्हणाल्या. हँगरच्या सावलीत त्यांनी सतरंजी टाकली होती. पुढ्यात मटारच्या शेंगांची रास आणि एक पातेलं. त्यांनी अर्धी रास त्याच्याकडे सरकवली. "सोला."

"मी?"

"हात मोकळे असले की डोळे सारखे वर जातात. मान धरते, जीव कासावीस होतो, आणि त्याने विमान काही लवकर येत नाही."

हिरामण मांडी घालून बसला आणि शेंगा सोलू लागला. त्याच्या जाड बोटांतून दाणे उडत होते.

"तुमाला भीती न्हाय वाटायची?" त्याने विचारलं. "इतकी वरसं?"

"वाटायची तर. दर रविवारी." सुमतीबाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "तिचं काय करायचं ते मला कुणी सांगितलं नाही. म्हणून मटार सोलले, लोकर विणली, एकदा तर उन्हाळ्यात इथे बसून शेवया केल्या. यांना वाटायचं, हिला काही वाटतच नाही. वाटू दे, म्हटलं."

हिरामणला पायऱ्यांवर बसून पाय पुसणारी कमळ आठवली. तो सोलत राहिला. पातेलं अर्धं भरलं असेल नसेल, तेव्हा सुमतीबाईंनी मान वर न करता म्हटलं, "आली बघा." त्याला तर काहीच ऐकू आलं नव्हतं. थोड्या वेळाने आलं. बारीक गुणगुण, मग घरघर. विमान वळलं, खाली आलं, चाकं टेकली, एकदा हलकंच उसळलं आणि टेकलं.

कमळ उतरली तेव्हा तिचे केस पिंजारले होते आणि डोळे पाण्याने भरले होते. हिरामण घाईने पुढे गेला. "काय झालं? भ्यायलीस?"

"न्हाय रे." तिने लेकीकडे पाहिलं. विमान वाऱ्याने हलू नये म्हणून दिपाली पंखाला दोरी बांधत होती, पाठमोरी. "मना वाटलं, वर गेल्यावर माज्याशी बोलंल, हे बग, ते बग दाखवंल. एक शबुद बोलली न्हाय. सगला येल काम करीत होती. कान, डोले, हात, सगलं कामात." तिने पदराने तोंड पुसलं. "मी आपल्या पोरीला काम करताना कवा बघितलीच नव्हती."

तू कधी बसतोस, असं तिने विचारलं तेव्हा हिरामण म्हणाला, "फुडच्या आयतवारी."

पुढच्या रविवारी त्याला सर्दी होती. त्याच्या पुढच्या रविवारी गोदामावर काम निघालं. अशी कारणं निघत गेली. तो दर वेळी यायचा मात्र, आणि सुमतीबाईंबरोबर सतरंजीवर बसायचा. ऋतूप्रमाणे तुरीच्या शेंगा, वाल, चिंचा, जे असेल ते सोलून व्हायचं. दिपालीचे तास भरले. परीक्षा झाल्या, मोठा परवानाही आला. आणि नेमका तोवर वारा फिरला. जगभर मंदी आली, कंपन्यांनी भरती थांबवली, आणि दिपालीसारखी कितीतरी मुलं परवाना घेऊन घरी बसली. गावात लोक पुन्हा बोलले. या वेळी हिरामणने ते कानावर घेतलं नाही. विमान विकायचा विषय निघाला तेव्हा तोच म्हणाला, "र्‍हाऊ दे. हातची सवय मोडंल तिची." आणि दिपाली पेट्रोलपुरते पैसे जमले की जाऊन उडत राहिली, शेजारी बहुतेक वेळा डॉक्टर.

दोन हजार नऊच्या शेवटी एका छोट्या कंपनीचं बोलावणं आलं. दोन पंख्यांची, गावोगावच्या धावपट्ट्यांवर उतरणारी विमानं उडवायची. हैदराबादला प्रशिक्षण. जाण्याआधीच्या रविवारी कमळ, डॉक्टर, सुमतीबाई, सगळे धावपट्टीवर जमले. दिपाली विमानाभोवती फिरून तपासत होती. हिरामणने टॉवेल झटकला, खांद्यावर टाकला आणि कुणाला काही न सांगता शेजारच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

दिपालीने दार उघडलं, त्याचा पट्टा बांधला, दोनदा ओढून पाहिला.

जमीन सुटली तेव्हा हिरामणने डोळे मिटून घेतले होते. मग कानातल्या हेडफोनमधून लेकीचा आवाज आला, अगदी जवळून, "बाबा, उघडा डोळे."

"उघडेच हायत," तो म्हणाला, आणि मग उघडले.

खाली शेतं होती, कांद्याची, हरभऱ्याची, हिरव्या-करड्या ठिगळांची. एक ओढा उन्हात चकाकत होता. विमान सावकाश एका बाजूला कललं, आणि पंखाच्या टोकाशी हँगरचं पत्र्याचं छप्पर आलं. छपराच्या सावलीबाहेर तीन ठिपके उभे होते. त्यातला एक ठिपका दोन्ही हात हलवत होता.

"ती आई," दिपाली म्हणाली.

"कशावरनं?"

"बाकीच्या दोघांना सवय आहे."

हिरामणने काचेला तळहात टेकवला. आणि इतक्या वरून दिसणार नाही हे माहीत असूनही, तो हलवू लागला.